संगणकांचे जाळे कसे शिकावे?



रेशनच्या दुकानापुढे रांग लागलेली आहे. तुमचा नंबर येतो, तुम्ही यंत्रावर अंगठा ठेवता, यंत्र बराच वेळ नुसते थांबून राहते आणि दुकानदार म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." रिकामी पिशवी घेऊन तुम्ही घरी परतता. दाखल्यासाठी सेवा केंद्रात जा, मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरायला बसा, बँकेत पासबुक छापायला द्या; हे वाक्य केव्हा ना केव्हा कानी पडतेच. ते ऐकले की आपण गप्प होतो. पाऊस पडला नाही म्हणून भांडायचे कोणाशी, तशातलाच हा प्रकार, असे आपल्याला वाटते.

पण पावसात आणि यात मोठा फरक आहे. पाऊस आपल्या हातचा नाही. हे जाळे मात्र माणसांनी विणलेले आहे, आणि ते कसे विणले ते शिकता येते. 'सर्व्हर डाऊन' या दोन शब्दांच्या पोटात पाच-सहा निरनिराळे बिघाड असू शकतात. कित्येकदा सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो, बिघाड भलतीकडेच असतो. तो नेमका कोठे आहे हे पायरीपायरीने शोधण्याची विद्या महाविद्यालयात शिकवली जाते. तिचे नाव 'कॉम्प्युटर नेटवर्क्स', म्हणजे संगणकांची जाळी. अभियांत्रिकीची पदवी, तंत्रनिकेतनाची पदविका, संगणकशास्त्राची बी.एस्सी., बी.सी.ए., या सर्व अभ्यासक्रमांत हा विषय असतो. तुमच्या गावचा एखादा मुलगा किंवा मुलगी आज तो शिकत असेल, आणि कदाचित पाठांतराला कंटाळलीही असेल. या विषयात असते काय, तो शिकावा कसा, आणि त्याची पूर्वतयारी शाळेत कशी करून देता येईल, एवढे आज सांगायचे आहे.

पुष्कळांना वाटते की तारा जोडणे, डबी बसवणे, मोबाईलवर रेंज आणून देणे म्हणजे हा विषय. ती कामे उपयोगाची आहेत. पण या विषयाचा मूळ प्रश्न निराळा आहे. निरनिराळ्या कारखान्यांत बनलेली, हजारो कोसांवर असलेली यंत्रे, मधल्या वाटेचा काही भरवसा नसताना, एकमेकांशी चोख कशी बोलतात? बस, हा एकच प्रश्न. वर्षभराच्या पुस्तकात जे जे येते ते सारे याच प्रश्नाच्या उत्तराचे तुकडे आहेत. विद्यार्थ्याने हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि प्रत्येक नवा धडा आला की विचारावे, "याने त्या प्रश्नाचा कोणता भाग सुटला?"

पहिला तुकडा असा. जुन्या ट्रंक कॉलची आठवण ज्येष्ठांना असेल. कॉल लागला की बोलणे संपेपर्यंत सारी वाट तुमच्या नावावर राखलेली असे. तुम्ही मध्ये गप्प बसलात तरी ती दुसऱ्याला मिळत नसे. संगणकांचे बोलणे फार तुटक असते. क्षणभर बडबड, मग बराच वेळ शांतता. त्यांच्यासाठी अख्खी वाट अडवून ठेवणे परवडणार कसे? १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांना न विचारता, एकाच धर्तीचा तोडगा काढला. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि मिळेल त्या वाटेने सोडून द्यायचे. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिले. आपण पाकीटच म्हणू या.

आता लग्नाचे वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाडाने सबंध गाडी ठरवली तर ती दिवसभर त्यांचीच. रिकामी उभी राहिली तरी दुसऱ्याला चढता येत नाही. तेच वऱ्हाडी चार-चार जण करून मिळेल त्या एसटीने निघाले, तर गाड्या आणि रस्ता सर्वांच्या उपयोगी पडतो. मात्र कोणी आधी पोचतो, कोणी मागून येतो, एखादा वाटेत चुकतोही. म्हणून मांडवात पोचल्यावर गणती करावी लागते. इंटरनेटवर तुमचे पत्र, फोटो, बँकेचा व्यवहार हे सारे असेच एसटीने जाते.

ही गोष्ट प्रथम घडली ती विद्यापीठातच. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला 'लॉगिन' हा पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द पाठवायला घेतला. 'एल' पोचले, 'ओ' पोचले आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. दुरुस्ती करून त्याच रात्री पुन्हा प्रयत्न झाला आणि तो साधला. ज्या जाळ्यातून पुढे इंटरनेट वाढले त्याचा पहिला निरोप असा अर्धवट होता, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. आपल्या देशातही सुरुवात शिक्षणसंस्थांतूनच झाली. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधनासाठीचे जाळे हाती घेतले. त्यात मुंबईची आयआयटी आणि मुंबईचेच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था होत्या. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट विकत मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत.

बरे, पाकीट निघाले. पण ते जाणार कोठे? पत्ता हवा. येथे पिनकोडचे उदाहरण फार उपयोगी पडते. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्यातला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वाटणीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन आकडे नेमकी टपालकचेरी दाखवतात. दूरच्या शहरात थैल्या लावणाऱ्या माणसाला तुमची आळी ठाऊक असण्याची गरज नसते. तो सुरुवातीचे आकडे पाहून थैली योग्य दिशेला लावतो. पुढचे पुढची कचेरी पाहून घेते.

संगणकाचा पत्ता अगदी याच धर्तीचा आहे. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यात बत्तीस घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. सुरुवातीची काही घरे जाळे कोणते ते सांगतात, उरलेली त्या जाळ्यातले यंत्र कोणते ते सांगतात. वाटेवरचा राउटर, म्हणजे पाकिटांना वाट दाखवणारे यंत्र, केवळ सुरुवातीचा भाग पाहतो आणि पाकीट पुढच्या राउटरकडे ढकलतो. सारी वाट एकाही राउटरला पाठ नसते. प्रत्येकाला फक्त पुढचे पाऊल ठाऊक असते, आणि तेवढ्यावर पाकीट सातासमुद्रापार जाते.

बत्तीस घरांतून एकूण पत्ते किती होतात? दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. आरंभी हे अपार वाटले होते. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले मोकळे पत्ते वाटून संपले. म्हणून एकशे अठ्ठावीस घरांचा नवा पत्ता वापरात आला आहे. शिवाय एक जुनी युक्तीही चालू आहे. वसतिगृहातल्या साऱ्या मुलांचा बाहेरचा पत्ता एकच असतो, आत कोणती खोली ते रेक्टर पाहतात. तसे तुमच्या घरातले चार मोबाईल बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसू शकतात.

गणिताच्या शिक्षकांसाठी येथे एक छोटे उदाहरण देतो. परीक्षेत असल्याच उदाहरणांत मुले फसतात. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस संगणकांचे जाळे करायचे आहे. यंत्रासाठी पत्त्यातली पाच घरे राखून ठेवली तर पत्ते होतात दोनाचा पाचवा घात, म्हणजे बत्तीस. त्यांतला पहिला पत्ता त्या जाळ्याची स्वतःची ओळख म्हणून राखीव, आणि शेवटचा दवंडीचा. म्हणजे त्या पत्त्यावर पाठवलेले पाकीट जाळ्यातल्या सर्वांना ऐकू जाते. उरले तीस. मुलगा खूश होतो आणि उत्तर लिहून मोकळा होतो. पण बाहेर जायला दार नको का? त्या राउटरलाही या जाळ्यातला एक पत्ता लागतो. म्हणजे संगणकांना उरले एकोणतीस, आणि तिसावा विद्यार्थी उभाच! तेव्हा सहा घरे घ्यावी लागतात आणि चौसष्ट पत्त्यांची सोय करावी लागते. सूत्र पाठ करणारा येथे चुकतो. प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणणारा चुकत नाही.

राउटरला पुढचे पाऊल तरी कसे कळते? शेजारचे राउटर एकमेकांना सतत सांगत असतात, "माझ्याकडून अमुक जाळ्याला जाता येते, वाट इतकी लांब आहे." जवळची वाट निवडण्याची एक रीत डच गणिती एड्सगर डायकस्ट्रा यांनी १९५६ साली शोधली. ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत ती सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले. १९५९ साली ती छापून आली आणि आजही राउटर ती वापरतात. ही रीत शिकायला संगणक लागत नाही. तुमच्या तालुक्यातली सहा गावे फळ्यावर काढा, रस्त्यांवर किलोमीटर लिहा, आणि एका गावापासून बाकीच्या पाचांना सर्वांत जवळची वाट कोणती ते काढायला सांगा. आठवीचा वर्ग हे करू शकतो.

आता त्या वऱ्हाडाच्या गणतीकडे येऊ. राउटर पाकीट पुढे ढकलतो. ते पोचलेच याची हमी तो घेत नाही. मग चोखपणा येतो कोठून? तो दोन टोकांच्या यंत्रांनी आपसात ठरवलेल्या रिवाजातून येतो. पूर्वी रजिस्टर टपालाबरोबर पोचपावती परत यायची, तसेच हे आहे. पाठवणारा पाकिटांवर क्रम घालतो. घेणारा म्हणतो, "इथवर मिळाले." ठराविक वेळात पावती आली नाही, तर पाठवणारा ते पाकीट पुन्हा पाठवतो. मागेपुढे आलेली पाकिटे घेणारा क्रमाने लावून घेतो. या रिवाजाला टीसीपी म्हणतात. विंट सर्फ आणि बॉब कान या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९७४ साली त्याचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि १ जानेवारी १९८३ रोजी तेव्हाचे मुख्य जाळे त्यावर चालू लागले. अशा ठरलेल्या रिवाजाला 'प्रोटोकॉल' म्हणतात. शब्द अवघड, अर्थ सोपा. पहिल्याने "नमस्कार" म्हटले की दुसऱ्याने "नमस्कार" म्हणायचे, मग कामाचे बोलायचे, निघताना "येतो" म्हणायचे. हाही प्रोटोकॉलच की! टीसीपी बोलणे सुरू करताना आणि संपवताना जवळजवळ असेच करते.

येथेच ते प्रसिद्ध सात थर येतात. विद्यार्थी त्यांची सात इंग्रजी नावे घोकतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. १९८४ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने हा सात थरांचा नमुना मांडला. प्रत्यक्ष इंटरनेट समजून घ्यायला चार-पाच थर पुरतात. पण थर करायचेच कशाला? पत्र लिहिणारा मजकुराची काळजी घेतो, टपालकचेरी पत्त्याची घेते, आगगाडी थैल्या वाहून नेते. आगगाडी कोळशावरून विजेवर आली, तेव्हा आपल्याला पत्राचा मजकूर बदलावा लागला नाही. तसेच तांब्याच्या तारेच्या जागी काचतंतू आला, मग मोबाईलचे मनोरे आले. तरी वरचे पत्रलेखन तसेच चालू राहिले. प्रत्येक थराने आपले काम करावे, दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. मग एक थर बदलला तरी बाकीचे मोडत नाहीत. एवढे समजले की नावे आपोआप लक्षात राहतात.

या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांत अंतर सुमारे चारशे यार्ड, म्हणजे अर्धा किलोमीटरही नाही. त्यांच्यामधल्या जाळ्यावरून दर सेकंदाला बत्तीस हजार बिट जात असत. एके दिवशी हा वेग चाळीस बिटांवर आला. आठशे पटींनी खाली! चाळीस बिट म्हणजे सेकंदाला फक्त पाच इंग्रजी अक्षरे. तार तुटलेली नव्हती, यंत्रे बंद नव्हती. मग झाले काय?

झाले ते असे. गर्दीमुळे पाकिटांना उशीर होऊ लागला. पावती वेळेत येईना. पाठवणाऱ्या यंत्रांना वाटले, पाकीट हरवले. म्हणून त्यांनी तीच पाकिटे पुन्हा पाठवली. त्यामुळे गर्दी आणखी वाढली, पावत्या आणखी लांबल्या, आणि यंत्रांनी आणखी पाकिटे सोडली. जत्रेतल्या अरुंद बोळात मागच्याने ढकलावे, पुढचा अडावा, म्हणून मागच्याने आणखी ढकलावे, तशी गत झाली. प्रत्येक यंत्र आपल्या परीने नियमाप्रमाणेच वागत होते, आणि तरी सर्वांचे काम थांबले होते.

तेथील शास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी सहकारी माइक कॅरल्स यांच्याबरोबर यावर उपाय काढला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. उपाय असा की सुरुवात एका पाकिटाने करावी. पावती आली की हळूहळू संख्या वाढवावी. पाकीट हरवल्याचे दिसताच, वाटेत गर्दी आहे असे समजून आपला वेग झटकन खाली आणावा, आणि मग पुन्हा बेताबेताने वाढवावा. कालव्याच्या पाण्याला पाळी असते, पाटकरी असतो. एकाने दारे जास्त वेळ उघडे ठेवले की टोकाचे शेत कोरडे राहते, म्हणून कोणी तरी लक्ष ठेवतो. त्या जाळ्यावर असा पाटकरी नव्हता. गर्दी दिसली की आपण होऊन हात आखडता घ्यायचा, हे प्रत्येक यंत्राला शिकवण्यात आले, आणि जाळे वाचले. पुढे या रीतीत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ तत्त्व आजही कामात आहे. पुस्तकात हा भाग 'कंजेशन कंट्रोल' या नावाने येतो. विद्यार्थी आलेख पाठ करतात. आलेखामागची ही हकीकत कोणी सांगितली तर आलेख पाठ करावा लागत नाही.

आणखी एक तुकडा राहिला, तो नावांचा. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. यंत्राला उलट आकडेच हवेत. म्हणून नाव दिले की आकडी पत्ता सांगणारी एक चावडी जाळ्यात बसवलेली आहे. तिला डीएनएस म्हणतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. सर्व जगाची नोंदवही एका ठिकाणी ठेवलेली नाही. वरची चावडी खालच्या चावडीकडे बोट दाखवते, ती तिच्या खालच्या चावडीकडे, आणि शेवटी ज्याचे गाव तोच आपल्या घरांची यादी सांभाळतो.

आता पुन्हा रेशनच्या दुकानात जाऊ या. "सर्व्हर डाऊन" म्हटले, तेव्हा काय काय झालेले असू शकते? दुकानातल्या यंत्राला रेंज नसेल किंवा ते राउटरला जोडलेच गेले नसेल. राउटर ठीक असेल, पण रस्त्याच्या खोदकामात पुढची केबल तुटली असेल. वाट चालू असेल, पण नावाचा आकडा सांगणारी चावडी उत्तर देत नसेल. सारे ठीक असून महिन्याच्या ठराविक दिवशी किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेला लोटलेल्या गर्दीने वाट तुंबली असेल. सर्व्हर जागा असेल, पण त्याच्या मागचा माहितीचा साठा अडला असेल. आणि सर्वांत शेवटी, सर्व्हर खरोखरच बंद असेल.

शिकलेला विद्यार्थी खालून वर जातो. आधी जवळच्या राउटरला हाक मारून पाहतो. या हाकेला 'पिंग' म्हणतात. तिला 'ओ' आली की बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला हाक मारतो. तिलाही उत्तर आले, पण नावाने हाक मारली असता उत्तर नाही, तर दोष नावांच्या चावडीत. 'ट्रेसरूट' या साधनाने पाकीट कोणत्या ठाण्यापर्यंत गेले ते पाहतो. मात्र एक लक्षात ठेवावे. काही यंत्रे सुरक्षिततेसाठी अशा हाकेला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेव्हा 'ओ' आली तर वाट चालू आहे हे नक्की. पण 'ओ' आली नाही म्हणून वाट बंदच आहे, असे लगेच म्हणू नये.

याचा गावाला उपयोग काय? पुष्कळ आहे. "सर्व्हर डाऊन" एवढीच तक्रार केली तर ती कोणाकडे करायची हेच कळत नाही, आणि धान्य, दाखला किंवा फॉर्म उद्यावर जातो. फॉर्मची तारीख तर उद्यावर ढकलली जात नाही. "आमच्या राउटरपासून पहिल्या ठाण्यापर्यंत पाकीट जाते, पुढे जात नाही, सकाळी दहापासून असे आहे," अशी तक्रार केली, तर ऐकणाऱ्याला उडवाउडवी करणे अवघड जाते. दुकानदाराचा दोष नसेल तर त्याच्यावर उगाच आळ येत नाही. आणि जेथे कोणालाच काही कळत नाही, तेथे "सर्व्हर डाऊन" ही एक सोयीची सबबही होऊ शकते. जाणकार समोर असला की सबब टिकत नाही.

जाहिरातीतल्या वेगाचा घोळही येथेच सुटतो. कंपनी वेग बिटांत सांगते, फाइल मात्र बाइटांत मोजली जाते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. चाळीस मेगाबिटांची जोडणी म्हणजे सेकंदाला फार तर पाच मेगाबाइट. तीनशे मेगाबाइटचे व्याख्यान उतरवून घ्यायला निदान साठ सेकंद लागणारच. शिवाय वाटेची रुंदी वेगळी आणि लांबी वेगळी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटर आहे. जाऊन येऊन एक अष्टमांश सेकंद लागणारच. कितीही पैसे भरले तरी तो कमी व्हायचा नाही.

आता अभ्यासाविषयी दोन शब्द. विद्यार्थ्याने या विषयाचे पुस्तक रात्रीतून पाठ करू नये. मोफत मिळणारे 'वायरशार्क' नावाचे साधन संगणकावर घालावे. आपल्या यंत्रातून जाणारी-येणारी पाकिटे त्यात एकेक दिसतात. एक संकेतस्थळ उघडावे आणि पाहावे: आधी नावाची चौकशी, मग "नमस्कार"ची देवघेव, मग मजकूर. पुस्तकातली सहा प्रकरणे दोन सेकंदांत डोळ्यांसमोरून जातात. मात्र हे आपल्या यंत्रावर किंवा परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच करावे. दुसऱ्याचे टपाल उघडून पाहू नये, हा नियम येथेही आहे. देशातल्या आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटीईएल' या उपक्रमातून विनामूल्य ऐकायला मिळतात. ज्या महाविद्यालयात या विषयाला चांगला शिक्षक नसेल, तेथील मुलांनी ती जरूर ऐकावी.

मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांना इंग्रजी शब्दांची धास्ती असते. त्यांना एवढेच सांगावे की शब्द तसाच राहू द्या, पण त्याचा अर्थ आपल्या बोलीत एकदा स्वतःला समजावून सांगा. आईला किंवा आजीला सांगता आला, तर तो तुम्हाला समजला. नाही सांगता आला, तर उत्तरपत्रिकेत कितीही चांगला उतरला तरी तो अजून पुस्तकातच आहे.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, संगणक नसलेल्या वर्गातही हा विषय सुरू करता येतो. एका गोष्टीचे वीस ओळींचे पान घ्या. प्रत्येक ओळ वेगळी कापून तिच्यावर क्रमांक आणि 'शेवटचा बाक' असा पत्ता लिहा. पहिल्या बाकावरून चिठ्ठ्या हातोहात मागे जाऊ द्या. कोणी उजवीकडून, कोणी डावीकडून. मधल्या दोन मुलांना गुपचूप सांगून ठेवा की एखादी चिठ्ठी खिशात घाला. मागच्या बाकावरच्या मुलांनी, समोर न पाहता, केवळ उलट चिठ्ठ्या पाठवून पूर्ण गोष्ट मिळवायची. पहिल्या खेपेला गोंधळ होईल. मग मुलेच म्हणतील, "सर, पावती पाठवायची असं ठरवू या." कोणी म्हणेल, "सगळे एकदम नका पाठवू." त्या क्षणी टीसीपीचे दोन मोठे नियम तुमच्या वर्गात मुलांनीच शोधलेले असतील. पुढे महाविद्यालयात तीच गोष्ट इंग्रजी नावाने समोर आली की ते मूल घाबरणार नाही. म्हणेल, "ही तर आमची चिठ्ठ्यांची गोष्ट!"

वाट बेभरवशाची आहे, पाकिटे हरवतात, गर्दी होते. आणि तरीही ठरवलेला रिवाज सर्वांनी पाळला तर निरोप चोख पोचतो. या विषयाचे सार एवढेच. तेव्हा पुढच्या खेपेला कोणी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणाले, तर रिकामी पिशवी घेऊन लगेच परत फिरू नका. गावातल्या त्या शिकणाऱ्या मुलीला बोलवा आणि विचारा, "पोरी, पाकीट नेमकं कुठं अडलंय, बघतेस का जरा?" तिची खरी परीक्षा तीच.